ओळख न पटलेलं नाव

१२ नोव्हेंबर २०२५, बुधवार

आज यादी हातात पडली. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकून सत्तेचाळीस दिवस झाले होते. पारोळ्याच्या शाळेत लिपिक म्हणून बावीस वर्षं घासली आहेत, त्यामुळे कोणता कागद कोणत्या टेबलावर झोपा काढतो ते मला बरोबर कळतं. देणाऱ्या बाई म्हणाल्या, "सर, झेरॉक्स जरा पुसट आलीय." म्हटलं, पुसट तर पुसट, पण द्या.

सप्टेंबरच्या पावसात कपाशी उभी सडली, त्याचं अनुदान गावातल्या तीनशे बारा खातेदारांना मिळालं. मिळो बापडं. पण आमच्या शिवारात पिकं घेणारी माणसं अडीचशेच्या वर नाहीत, हे शेंबडं पोरही सांगेल. मग बाकीचे कोण? माजी सरपंच प्रेमराज पाटलाचं खत-बियाण्याचं दुकान आहे, अर्ज तिथेच भरले गेले आणि ही पिल्लावळ तिथेच जन्माला आली, असं सगळं गाव कुजबुजतं. नुसतं कुजबुजतं. मी बोलणार आहे.

माझंही नाव पहिल्याच पानावर आहे, सहा एकर. त्यात लपवण्यासारखं काही नाही. तीन एकर माझे, तीन मगनदादाचे. दादा गेल्यावर वहिनींनी हक्कसोड लिहून दिली. घर एक राहावं म्हणून मीच तसं सुचवलं होतं आणि त्यांनी एका शब्दानं विचारलं नाही. अशी माणसं आता कुठे मिळतात?

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

शाळेतून आलो तो यादी घेऊनच बसलो. एका बाजूला यादी, दुसऱ्या बाजूला गावाची मतदार यादी. जे नाव मतदार यादीत नाही त्याच्यापुढे शिसपेन्सिलीची खूण. एकोणीस नावं निघाली.

वहिनी भाकरी वाढत होत्या. म्हणाल्या, "नाना, त्या यादीमा बठ्ठासना नावं शेतस का?" मला हसूच आलं. पस्तीस वर्षांत या बाईनं घरातल्या एकाही कागदाकडे वळून पाहिलं नव्हतं. सांगितलं, खऱ्यांची आहेत आणि खोट्यांचीही आहेत, खोटी निवडायचं काम चाललंय. त्या भाकरी वाढून तिथेच उभ्या राहिल्या. वांग्याच्या भरतात आज मीठ दोनदा पडलं होतं. माझ्या बायकोनं, सारिकानं, तोंड वाकडं केलं, मी मुकाट्यानं खाल्लं. दादा गेल्यापासून मी वहिनींना कधी टाकून बोललेलो नाही. त्यांचं आणि त्यांच्या पोरीचं, मेघाचं, सगळं मीच बघतो, आणि ते कधी बोलून दाखवत नाही.

मेघा तर धुळ्याला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. मी बारावीनंतर लग्नाचं म्हणत होतो, पण पोरीनं शिष्यवृत्ती मिळवली. घरावर एका पैशाचा भार नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

ग्रामसेवकाकडून परवानगी घेतली आणि चावडीच्या भिंतीवर एकोणीस नावं ऑइलपेंटनं रंगवली. ठसठशीत. वर लिहिलं : "या लाभार्थ्यांना कोण ओळखतं?" दिवसभर शिडीवर उभा होतो, पिंढऱ्या भरून आल्यात, पण मन भरून आलंय ते वेगळंच. शे-दीडशे माणूस तरी येऊन वाचून गेलं असेल.

संध्याकाळी चिंधा आला. दुसऱ्यांची वावरं निम्म्यानं करणारा गरीब माणूस. शिडीखाली उभा राहून हळूच म्हणाला, "नाना, ते सोळावं नाव पुशी टाका. गरिबनं वावर शे."

सोळावं नाव : कोकिळा आनंदा पाटील, दीड एकर. मी विचारलं, तू ओळखतोस का हिला? तर इकडे तिकडे बघायला लागला. "मी बटाईदार, माले काय ठाऊक?" म्हणाला आणि निघून गेला. शिवेवरचं ते वावर चुडामण म्हाताऱ्यानं मरायच्या आधी कुणाला तरी विकलं होतं, एवढं मला माहीत आहे. चिंधा ते करतो, म्हणजे मालकीण कोण ते त्याला माहीत असलंच पाहिजे. आणि तो सांगत नाही, म्हणजे प्रेमराजनं त्याचं तोंड बंद केलंय. सोळाव्या नावाभोवती मी मनातल्या मनात दोन वेळा गोल केला.

आमच्याकडे अर्धा तालुका पाटील लावतो आणि आनंदा नावाची माणसं तर पैशाला पासरी. शोधायचं कुठे?

२६ नोव्हेंबर, बुधवार

ग्रामसभा झाली. जे घडलं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो.

नियम मीच ठेवला होता : नाव वाचायचं, गावातल्या दोघांनी उभं राहून "ओळखतो" म्हणायचं. दोघं उभे राहिले तर नाव खरं, नाही राहिले तर बोगस. कागद खोटं बोलेल, अख्खं गाव समोरासमोर खोटं बोलणार नाही, असा माझा हिशेब.

प्रेमराज पहिल्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर सुपारी कातरत बसला होता. उलट त्यानंच मला सांगितलं, "वाचा हिरामणभाऊ, बठ्ठा गावले आयकू द्या. मनी काय हरकत नई."

पहिलं नाव वाचलं. दोन माणसं ताडकन उभी. "वळखतस. मना साडू शे, सुरतले ऱ्हास." दुसरं नाव वाचलं. पहिल्याचाच साक्षीदार पुन्हा उभा. पाचवा माणूस मेलेला आहे, त्याच्या तेराव्याला मी स्वतः जेवलोय. त्याच्यासाठीही दोघं उभे राहिले! "आजारी शे," म्हणाले, "येवावनार नई." सभेत कोणी हसलंसुद्धा नाही. प्रेमराज सुपारी कातरत होता आणि माणसं उठत होती. कुणाचं पीककर्ज त्याच्या शिफारशीनं झालेलं, कुणाची खताची उधारी. मी घामाघूम झालो.

पंधरा नावांची ओळख पटली. मग सोळावं वाचलं. कोकिळा आनंदा पाटील.

कोणी उठलं नाही.

मी पुन्हा वाचलं. चिंधा मान खाली घालून जमिनीवर काडीनं रेघा ओढत होता. बायकांमध्ये आमच्या वहिनी उठल्या, पदर सावरला, घटकाभर तशाच उभ्या राहिल्या. म्हशीची वेळ झाली होती. तेवढ्यात प्रेमराजनं मागे वळून मोठ्यानं विचारलं, "कोन शे हाई बाई? कोन्ही वळखस का?" वहिनी घराकडे निघून गेल्या.

उरलेली तिन्ही नावंही पटली. एकोणीसपैकी अठरा खरी, एक बोगस. मी लाल रंगानं त्या नावाला गोल केला. प्रेमराजनं टाळी वाजवली. म्हणाला, "तक्रार करा. पाठिंबाले मी शे."

डोंगर पोखरून उंदीर काढला म्हणतात तो हाच. पण एक तरी काढला. हात हलवत परत आलो असतो तर गावानं मला चहाच्या टपरीवर जगू दिलं नसतं.

२७ नोव्हेंबर

तहसीलला तक्रार दिली. अठरा नावांविरुद्ध वेगळी फाइल तयार करतोय, मृत्यूच्या दाखल्यासकट, थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे. सोळाव्या नावाचं मात्र आजच दिलं. साहेब म्हणाले, खातं लगेच थांबवायला बँकेला कळवतो. सरकारी काम इतक्या चटकन होताना प्रथमच पाहिलं.

वहिनींना पित्ताचा त्रास आहे. दोन दिवस धड जेवल्या नाहीत. सारिकाला सांगितलं, त्यांना ताक देत जा.

५ डिसेंबर, शुक्रवार

सुट्टी नसताना मेघा धुळ्याहून आली. आल्या आल्या मायलेकी चुलीपाशी बसून कुजबुजत होत्या, मी गेलो तर गप्प. शेवटी मीच विचारलं. म्हणाली, "काका, शिष्यवृत्ती अडकली. कॉलेजची फी भरल्याशिवाय परीक्षेचा फॉर्म घेत नाहीत. वीस तारीख शेवटची आहे."

फी किती ते ऐकून माझे डोळे फिरले. म्हटलं, शिष्यवृत्ती कुठली आहे त्या कार्यालयाचं नाव सांग, मी एक अर्ज टाकतो, बघतो कसे अडवतात. तर नाव सांगेना. आजकालची पोरं! आपलं काम आणि आपल्यालाच माहिती नाही.

मी पाच हजार देऊ केले. जास्त नव्हते असं नाही, अनुदान जमा झालेलं आहे, पण ते ठिबकच्या नळ्यांना ठरलेलं. पोरीनं पैसे घेतले नाहीत. वहिनी म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या नाना. व्हई काहीतरी."

१० डिसेंबर, बुधवार

नशिराबादचं एक स्थळ आलं आहे. मुलगा सिमेंटच्या दुकानात हिशेब बघतो, केळीची बाग आहे. मी वहिनींना सहज म्हटलं, शिष्यवृत्ती नाहीच आली तर देवाचीच इच्छा समजू, लग्न उरकून टाकू, खर्च माझ्याकडे. चांगल्या मनानं म्हटलं होतं. त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मीच नजर वळवली.

१५ डिसेंबर, सोमवार

तहसीलची नोटीस चावडीवर लागली. कोकिळा आनंदा पाटील हिनं एकोणीस तारखेला सकाळी अकरा वाजता शेतावर कागदपत्रांसह हजर राहावं. नाहीतर अनुदान वसूल होईल, गुन्हा दाखल होईल आणि सातबाऱ्यावर बोजा चढेल. तक्रारदार म्हणून मलाही बोलावलंय.

ती येणार नाही. जी बाई अस्तित्वातच नाही ती येणार कशी? शाळेतल्या सरांनी मला आज चहा पाजला.

१९ डिसेंबर, शुक्रवार

आजचंही जसंच्या तसं लिहितो.

शिवेवरच्या वावरात आम्ही पावणेअकरालाच पोहोचलो. तलाठी, कृषी सहायक, पंच म्हणून प्रेमराज, चिंधा आणि मी. बघे वीस-पंचवीस. उपटलेल्या कपाशीचे ढीग पडलेले. अकरा वाजले. तलाठ्यानं पंचनाम्याचा कागद काढून लिहायला घेतलं, "लाभार्थी गैरहजर".

तेवढ्यात बांधावरून वहिनी येताना दिसल्या. हातात कापडाच्या दुकानाची पिशवी. मला वाटलं घरी काही झालं, कोणी पडलं झडलं. मी पुढे धावलो. त्या माझ्या बाजूनं पुढे निघून गेल्या आणि तलाठ्यासमोर उभ्या राहिल्या.

"लिखू नका, साहेब. मीच शे कोकिळा."

कोणालाच काही कळेना. मी म्हटलं, वहिनी, काय बोलताय, तुम्ही पुष्पाबाई. तर म्हणाल्या, "पुष्पा तुमना घरनी ठेयेल नाव शे. लगीनना पहिले मी कोकिळाच व्हतू. आनंदा मना बाप."

लग्नात आईनं ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहून घेतलं असणार, सगळ्याच सुनांचं घेतात. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो, जेवणावळीत बुंदीच्या टोपलीपाशी. त्यांच्या वडिलांना मी आयुष्यभर असोद्याचे आप्पा म्हटलं. पुष्पा हे नावसुद्धा मी कधी घेतलं नाही, नुसतं वहिनी.

पिशवीतून खरेदीखत निघालं, पासबुक निघालं, आधारकार्ड निघालं, असोद्याच्या पत्त्याचं. दादानं एसटीत ओव्हरटाइम करून चुडामणकडून ही दीड एकर विकत घेतली होती, बायकोच्या माहेरच्या नावानं. माझा सख्खा भाऊ. एका ताटात जेवलेलो आम्ही. जाईपर्यंत मला बोलला नाही.

मी सगळ्यांसमोर विचारलं, मला का नाही सांगितलंत? आवाज चढला असेल माझा. वहिनींचा चढला नाही.

"सांगी देतू, त यानावर बी तुमी सही लेतात."

चिंधा, तलाठी, बघे, सगळे माझ्याकडे बघत होते. प्रेमराज मात्र बांधावर उकिडवा बसून हसत होता. "हिरामणभाऊ," म्हणाला, "बोगस नाव तुमना घरमाच निंघनं."

शिष्यवृत्ती कसली नव्हतीच. या वावराचा निम्मा हिस्सा आणि वर मिळेल ते अनुदान, त्यावर मेघा शिकत होती. ते खातं मी बंद करून ठेवलं.

२० डिसेंबर, शनिवार

शाळेत गेलो नाही. पोट दुखतं असं कळवलं. दिवसभर एकच गोष्ट डोक्यात : दादाला माझ्यावर विश्वास नव्हता. मी काय चोर आहे? हक्कसोड घेतली ती घर फुटू नये म्हणून, हे मी देवासमोर सांगायला तयार आहे. वहिनींशी बोलायचं ठरवलं, पण त्या दाराआड होत्या. दोनदा दारापर्यंत गेलो आणि परत आलो. रात्री जेवलो नाही. जेवायला कोणी आग्रहही केला नाही.

२१ डिसेंबर, रविवार

सकाळी सारिका भांडी घासताना पाठमोरीच म्हणाली, "काल मेघाना फॉर्मनी शेवटनी तारीख व्हती."

मी म्हटलं, मला कोणी आठवण का केली नाही?

तिनं भांडं खाली ठेवलं. "पाच तारीखले पोरगी तुमना समोर उभी व्हती," म्हणाली. बस, एवढंच.

मी कपडे करून धुळ्याला गेलो. पूर्ण फी खिशात, ठिबकवाल्याकडून परत मागून आणली. कॉलेज बंद. वॉचमन म्हणाला, काल संध्याकाळी पाचला संगणकावर बंद झालं, आता पुढच्या परीक्षेला. वसतिगृहाबाहेर मेघा भेटली. तिनं मला बाकड्यावर बसवलं, पाणी दिलं. रडली नाही. म्हणाली, "काका, मी एका खाजगी दवाखान्यात बोलून ठेवलंय. आया म्हणून घेतात." चार वर्षं शिकलेली पोर बेडपॅन उचलणार. मला तिच्यासमोरच हुंदका फुटला, तर तीच मला म्हणाली, "उठा काका, तुमची गाडी चुकेल."

२३ डिसेंबर, मंगळवार

तलाठ्यानं समजावून सांगितलं. खातं सुटायचं असेल तर पुष्पाबाई आणि कोकिळा ही एकच बाई असल्याचं दोन पंचांचं प्रतिज्ञापत्र पाहिजे आणि माझी तक्रार मागे पाहिजे. नाहीतर चौकशी वर्षभर चालेल, तोवर सातबाऱ्यावर बोजा.

एक पंच मी. दुसरा कोण? पाच दारं फिरलो. जी माणसं सुरतच्या साडूला ओळखत होती, मेलेल्याला ओळखत होती, त्यांना आमच्या वहिनी ओळखू येईनात. "कागदनं काम शे नाना, नको." शेवटी ज्याच्या दाराशी जायचं टाळत होतो तिथेच गेलो.

प्रेमराजनं चहा मागवला. "पुष्पावहिनी आमनी बी वहिनीच शे, सही करसु ना. पन ती तुमनी दुसरी फाइल..." पुढचं तो बोलला नाही, दुकानासमोरच्या चावडीच्या भिंतीकडे नुसतं पाहिलं.

२४ डिसेंबर

अठरा नावांची फाइल प्रेमराजच्या दुकानात नेऊन दिली. मृत्यूचा दाखला त्यानं वेगळा काढून खिशात ठेवला. मग चुन्याची बादली घेऊन चावडीची भिंत मीच पांढरी केली. ऑइलपेंट चुन्याला दाद देत नव्हता, तीन हात द्यावे लागले. लोक येत जात होते.

२ जानेवारी २०२६, शुक्रवार

वहिनी आज गेल्या. पारोळ्याला एक खोली घेतलीय. एक पेटी, एक गादी, दोन पातेली. पस्तीस वर्षांचा संसार चिंधाच्या बैलगाडीत अर्ध्यावर भरला. मी म्हटलं, वहिनी, झालं गेलं विसरा, हे घर तुमचंच आहे. "हा," म्हणाल्या आणि गाडीत चढल्या.

दादाच्या तीन एकरांचं काहीतरी करायला पाहिजे असं दिवसभर मनात येतंय. सारिकाजवळ विषय काढला. ती म्हणाली, परत लिहून द्या, आजच द्या. मी म्हटलं, घाईत काही करू नये, रब्बी निघू दे, मग बघू. ती उठून आत गेली.

६ जानेवारी, मंगळवार

प्रतिज्ञापत्रासाठी पारोळ्याला गेलो. कोर्टाबाहेर झाडाखाली टंकलेखक बसतो. प्रेमराज सही करून मोटरसायकलवर निघूनही गेला, त्याला दोन मिनिटं लागली. मग माझा नंबर. वहिनी बाजूला उभ्या होत्या, पदर डोक्यावर.

टंकलेखक मोठ्यानं वाचत टाईप करत होता. "मी, हिरामण, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की, कोकिळा आनंदा पाटील व पुष्पाबाई मगन पाटील ही एकच व्यक्ती असून मी तिला..." तो थांबला. "किती वर्षांपासून ओळखता?"

मी तोंड उघडलं. इतकी वर्षं असले शेकडो कागद मी शाळेत दुसऱ्यांसाठी भरले आहेत, एकाही रकान्यापाशी कधी अडलो नाही. टंकलेखकानं मान वर केली. मागे रांगेत माणसं होती.

"पस्तीस लिखा," वहिनी म्हणाल्या. "कागदले तेच चालस."

त्यानं पस्तीस टाईप केलं. मी सही केली.